खाजेची ट्यूब मागण्याआधी

पाऊस सुरू झाला की आमच्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं: "मागच्या वेळची ती ट्यूब द्या हो, दोन दिवसांत आराम पडला होता." सोबत मोबाइलमधला फोटो, नाहीतर शेवटच्या थेंबापर्यंत पिळून गुंडाळी झालेली जुनी ट्यूब. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की काही जण रागावतात आणि पुढच्या दुकानात जातात. म्हणून हे पत्रक औषधांच्या पिशवीत टाकतो आहोत.

जांघेत, काखेत, परकराच्या नाडीखाली किंवा पँटच्या पट्ट्याखाली गोल चट्टा उठतो. कडा लालसर आणि उंच, मधला भाग जरा साफ. हा नायटा, कुणी गजकर्ण म्हणतं. तो बुरशीमुळे होतो. लोक मागतात त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि स्टेरॉइड, म्हणजे लाली-खाज दाबणारं औषध. दोन दिवसांत जो आराम पडतो तो स्टेरॉइडचा. खाज थांबते, लाली उतरते, बुरशी मात्र जिवंतच राहते. उलट कातडीची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती आणखी पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुपटीने परत येते. शिवाय चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते, मग डॉक्टरांनाही निदान करणं अवघड जातं. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते आणि जांघेत पांढरट-जांभळे ओरखड्यांसारखे पट्टे उठतात. ते पुन्हा जात नाहीत.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. अशी मलमं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. त्यातल्या बऱ्याच मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची असलेली सूट केंद्र सरकारने 2018 मध्ये काढून घेतली. स्टेरॉइड हे काही विष नाही. इसबावर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि गुणही येतो. पण लग्न जवळ आलं म्हणून मुलीच्या चेहऱ्याला "गोरं व्हायला" तेच चोपडणं, हे बघून आम्हाला खरंच वाईट वाटतं. पुढे तोंड लाल पडतं, मुरुमं येतात, लव वाढते आणि उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही.

नायट्याचं साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही दोन बोटं लावायचं. चट्टा दिसेनासा झाला तरी साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेकांची चूक इथेच होते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पावसात दोरीवर अर्धवट वाळलेली चड्डी अंगात घालू नका; तिला उलटी करून शिवणीवर गरम इस्त्री फिरवा. पायाच्या बोटांत चिखल्या होतात त्यांनी रात्री बेचक्या कोरड्या फडक्याने टिपाव्यात.

खाज रात्रीच वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील आणि घरात एकापाठोपाठ एक खाजवू लागले असतील, तर ती खरूज समजा. परमेथ्रिन 5 टक्के हे त्यावरचं नेहमीचं औषध. मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री! खाज नसलेल्या आजोबांनीही. एक ट्यूब नेऊन फक्त पोराला लावली की पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत दारात. औषध लागू पडल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, म्हणून पुन्हापुन्हा लावत बसू नका. तान्हं बाळ आणि गरोदर बाई यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

आता साबण. वेष्टनावर 'टॉयलेट सोप' लिहिलंय की 'बेदिंग बार' (यात साबणाचा अंश कमी), ते पाहा. टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत टीएफएम, म्हणजे तेला-तुपातला खरा साबणाचा अंश, किमान 76 टक्के असतो. साबण कसाही असला तरी कातडीपेक्षा अल्कधर्मीच. म्हणून आजी-आजोबांनी तो काख, जांघ आणि पायांपुरता वापरावा. नडग्यांवर कशाला? थंडीत नडगीला खाज सुटते ती बहुधा कढत पाणी आणि रोजच्या साबणामुळे. कोमट पाण्याने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी व्हॅसलीन लावली तर फरक पडतो. महागडी बाटली आमच्याकडेही आहे, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची पद्धत बंद करा. पावडरही नको, ती श्वासातून आत जाते.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे खाजही नाही, टोचलेलंही कळत नाही, तर काउंटरवर वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, लवकर औषध घेतलं तर पूर्ण बरा होतो आणि तिथे औषध मोफत मिळतं.

कपाटात उरलेल्या अर्धवट ट्यूबा असतील तर घेऊन या. त्यात काय आहे ते वाचून सांगू. दुपारी दोन ते चार या वेळात गर्दी कमी असते.