गव्हाला थंडी किती मिळते त्यावर सगळं आहे

सोयाबीन निघालं की परभणी, हिंगोली, नांदेडकडं रान मोकळं व्हायला दिवाळी उजाडते, त्यात परतीचा पाऊस लागला की काळ्या रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला अजून आठ-दहा दिवस जातात आणि गव्हाची पेरणी ढकलत ढकलत डिसेंबरात जाते. मग मार्चमध्ये दाणा बारीक निघाला की आपण खताला नाहीतर बियाण्याला दोष देतो, पण बऱ्याचदा कमी पडलेली असते ती थंडी.

फुलोऱ्यानंतर साधारण महिनाभर दाणा भरत असतो. पानात तयार झालेली साखर दाण्यात जाते आणि तिथं तिचा स्टार्च होतो. हे काम करणारं एंझाइम तापमान तिशीच्या वर गेलं की मंदावतं, वरून उन्हानं पीक लवकर पिकायला लागतं, म्हणजे दाणा भरायला मिळणारे दिवसच कमी होतात. रात्रीसुद्धा उकाडा असला तर दिवसा बनवलेल्या अन्नातला जास्तीचा वाटा झाडाच्या श्वसनातच जातो. पंजाबात मार्चमध्येही गारवा असतो, आपल्याकडं फेब्रुवारी संपायच्या आतच ऊन चटकायला लागतं.

म्हणून बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरला पेरा असं सांगतात. पुढं दर पंधरवड्याला हेक्टरी अंदाजे अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल उत्पादन घटतं. उशीर झालाच तर 15 डिसेंबरच्या पुढं नेऊच नका, बियाणं एकरी 40 ऐवजी 50 किलो घ्या आणि ओळी 18 सेंटीमीटरवर आणा, कारण उशिराच्या गव्हाला फुटवे, म्हणजे बुडातून निघणारी जास्तीची ताटं, कमी येतात, ती तूट रोपं वाढवून भरायची. निफाडच्या संशोधन केंद्राचा फुले समाधान हा वाण वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीला चालतो.

खोलीकडं मात्र फार कमी लोक बघतात. आजचे बुटके गहू 1960 च्या दशकात मेक्सिकोहून आलेल्या वाणांच्या वंशातले, त्यांच्यातला बुटकेपणाचा जीन मूळचा जपानच्या नोरिन 10 या गव्हाचा. या जीनमुळं ताट आखूड राहतं आणि भरपूर खत दिलं तरी गहू सहजी लोळत नाही, पण त्याच जीनमुळं कोंबाचं टोकदार आवरणही आखूड होतं, बी खोल पडलं तर कोंब वर यायच्या आधीच दमतो. पाच-सहा सेंटीमीटर बास.

आता पाणी. बी उगवताना फुटलेली मुळं सुरुवातीपुरती असतात, खरी मुळं जमिनीखाली दोन-तीन सेंटीमीटरवरच्या गाठीतून निघतात, तीही 18 ते 21 दिवसांनी, आणि फुटवेही तिथूनच येतात. त्या वेळी वरचा थर कोरडा असला तर मुळं धरत नाहीत, मग नंतर कितीही पाणी सोडा, गेलेले फुटवे परत येत नाहीत! हेक्टरी 120 किलो नत्रापैकी निम्मं पेरताना आणि उरलेलं या वेळच्या पहिल्या पाण्यासोबत द्यायचं. विहिरीत दोनच पाण्यांपुरतं असेल तर एक 20-22 दिवसांनी आणि दुसरं 60-65 दिवसांनी द्या, तिसरं जमत असेल तर ते मधे 42-45 व्या दिवशी बसवा. ओंब्या भरल्यावर पाणी द्यायची वेळ आली तर वारं बघा, ओल्या भारी रानात वाऱ्यानं उभा गहू आडवा होतो आणि तेव्हा बुटका वाणही टिकत नाही.