आधी आरमार मोडलं, मग चिलखती जहाजं आणली

१८७० च्या हिवाळ्यात ‘मॅग्डाला’ ही युद्धनौका इंग्लंडहून मुंबईला निघाली तेव्हा तिच्यावर तीन डोलकाठ्या उभ्या केल्या होत्या. त्या फक्त प्रवासापुरत्या होत्या. मुंबईत पोचल्यावर त्यांचं काम संपलं, आणि खरं तर नौकेचा प्रवासही तिथंच संपला. पुढची तीसेक वर्षं ती बंदराच्या राखणीला बांधलेलीच राहिली. तिची धाकटी जोडीदारीण ‘ॲबिसिनिया’ हिचंही तेच झालं. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदराच्या मालकीच्या म्हणाव्यात अशा दोन चिलखती युद्धनौका होत्या, हे आज मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

त्या का आल्या हे कळायला सात वर्षं मागे जावं लागतं. ३० एप्रिल १८६३ रोजी हिंदुस्थान सरकारचं लढाऊ आरमार बरखास्त झालं. हे आरमार म्हणजे कंपनीचं जुनं ‘बॉम्बे मरीन’. आंग्र्यांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेलं आणि १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या हाताखाली सुवर्णदुर्गावर चालून गेलेलं. १८३० पासून ते ‘इंडियन नेव्ही’ या नावानं मिरवत होतं. १८५७ चं बंड मोडताना तिजोरी कर्जात बुडाली, कारभार राणीकडे गेला आणि काटकसरीच्या कात्रीत आरमार सापडलं. लढायचं ते ब्रिटिश शाही आरमार लढेल, असं ठरलं. मागे उरलं ते पुन्हा ‘बॉम्बे मरीन’ हे जुनंच नाव आणि माणसं, सामान वाहण्याचं बिनलढाऊ काम.

त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडत होते. तट पाडणं योग्यच होतं, आतलं शहर गुदमरत होतं. पण एका दशकात मुंबईचे तट गेले आणि आरमारही गेलं. शहर मात्र नेमकं तेव्हाच श्रीमंत झालं होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, पण बंदर वाढायचं ते वाढलंच.

त्याच यादवीनं दोन धडेही दिले. मार्च १८६२ मध्ये अमेरिकेतल्या हॅम्प्टन रोड्सला ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौका तासन्‌तास एकमेकींवर गोळे झाडत राहिल्या, पण एकीलाही दुसरी बुडवता आली नाही. लाकडी जहाजांचे दिवस भरल्याचं सगळ्या जगाला कळलं. दुसरा धडा घराजवळचा होता. दक्षिणेकडच्या राज्यांची ‘अलाबामा’ ही लुटारू युद्धनौका हिंदी महासागरात शिरली आणि जानेवारी १८६४ मध्ये तिनं मलबारच्या किनाऱ्यालगत एक अमेरिकन व्यापारी जहाज जाळलं. एकटी नौका असं करू शकत असेल, तर तटाविना, आरमाराविना उघड्या पडलेल्या मुंबईचं काय?

उत्तर म्हणून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसनं चिलखती नौका मागवल्या. शाही आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी मेलबर्नच्या रक्षणासाठी ‘सर्बेरस’ या नौकेचा आराखडा केला होता, त्याच धर्तीवर ‘मॅग्डाला’ बांधायला घेतली. टेम्स आयर्नवर्क्स या कारखान्याला काम मिळालं. ‘वॉरियर’ ही ब्रिटनची पहिली लोखंडी चिलखती नौका याच कारखान्यातली. (आणि हो, वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लबही मुळात याच कारखान्याचा.) तशीच दुसरी नौका हवी होती, पण पैसे पुरेनात. म्हणून ‘ॲबिसिनिया’ लहान आणि स्वस्त केली. ‘मॅग्डाला’ला सुमारे १ लाख ३२ हजार पौंड लागले, ‘ॲबिसिनिया’ला १ लाख १६ हजार. सोळा हजार पौंड वाचवायला चिलखत पातळ झालं आणि वेगही जवळपास एका नॉटनं घटला. दोन वर्षांपूर्वी याच मुंबईहून जनरल नेपियर यांची फौज ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जाऊन मॅग्डालाचा किल्ला घेऊन आली होती, तिथून ही नावं आली. त्या मोहिमेत हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून गेला होता. विजय राणीचा आणि पगार आपला, असा हिशेब.

जवळून पाहिली तर ‘मॅग्डाला’ जहाजासारखी दिसतच नसे. डेक पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर. मध्यभागी चिलखती भिंतींचा उंचवटा, त्याच्या दोन टोकांना दोन फिरते बुरूज आणि प्रत्येक बुरुजात दहा इंची दोन तोफा. कमरेच्या पट्ट्याला आठ इंच जाडीचं लोखंड, त्याच्या मागे सागवानाचा जाड थर. गोळ्याचा धक्का जिरवायला सागवानाइतकं भरवशाचं दुसरं काही नव्हतं. याच सागवानातून मुंबईच्या गोदीत वाडियांनी शाही आरमाराला अख्खी जहाजं बांधून दिली होती. १८१७ ची त्यांची ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. आता सागवानाला लोखंडाचं अस्तर व्हावं लागलं, आणि जहाज बांधायचं काम टेम्सकाठी गेलं.

तोफा ठासणीच्या होत्या. एकेक तोफ अठरा टनांची. बार झाला की तोफ मागे येई, मग आतली धग विझवायला ओला बोळा फिरवायचा, तोंडातून दारूची थैली सारायची, त्यामागे १८० किलोंच्या आसपास वजनाचा गोळा. गोळ्याच्या अंगावर धातूच्या गुंड्या असत आणि त्या नळीतल्या खाचांत नेमक्या बसल्या पाहिजेत, नाही तर गोळा अडकलाच. हे सगळं बंद लोखंडी बुरुजात. मुंबईतल्या मे महिन्याची कल्पना ज्याची त्यानं करावी.

प्रवासाची वेळही अशी की काळजात धस्स व्हावं. ७ सप्टेंबर १८७० ला मध्यरात्रीनंतर स्पेनजवळ शाही आरमाराची ‘कॅप्टन’ वादळात उलटली होती. तीही बुरुजांची, बसक्या डेकची आणि वर डोलकाठ्या चढवलेली. सुमारे पावणेपाचशे माणसं गेली, तिचे रचनाकार कोल्सही गेले. ‘मॅग्डाला’ नोव्हेंबरमध्ये तयार झाली, तशीच बसकी. तिच्यावर शिडं चढवून तिला समुद्रात सोडलं आणि ती सुखरूप पोचली.

मग काय झालं? काहीच नाही. अधूनमधून तोफांचा सराव, बाकी नांगर टाकून पहारा. माझ्या मते खरा प्रश्न नौकांचा नव्हताच. नौका एकदाच्या पैशात येते. आरमार चालवायचं तर दरवर्षी पैसा ओतावा लागतो: तोफखाना, कोळसा, अधिकारी, सराव. लोखंडी तळाची देखभाल तर वेगळीच. लाकडी जहाजाला तांब्याचे पत्रे मारले की शेवाळ आणि कालवं धरत नसत. लोखंडाला तांबं लावलं तर खाऱ्या पाण्यात लोखंडच झिजतं, म्हणून गोदीत घेऊन तळ खरवडत बसायचं. हिंदुस्थान सरकार शाही आरमाराला संरक्षणाची वर्गणी वेगळी देत होतं. शतक संपता संपता ती वर्षाला १ लाख पौंडांवर ठरली आणि १९३८ पर्यंत चालू राहिली. ‘मरीन’च्या जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी भरपूर होते, पण लढाऊ आरमार म्हणून त्यांना उभं करण्याची सरकारला घाई नव्हती.

१८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेहवरून रशियाशी युद्ध जुंपतंय असं वाटलं तेव्हा पुन्हा जाग आली. काही वर्षांत मुंबईसाठी सात टॉर्पेडो बोटी आल्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘मराठा’, आणि पाठोपाठ आलेल्या एका गनबोटीचं नाव ‘असई’. १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांचा जिथे पराभव झाला, ते जालन्याकडचं गाव. ही नावं देणाऱ्यांना त्यातली विसंगती जाणवली नसावी.

१८९२ मध्ये दोन्ही चिलखती नौकांवरच्या ठासणीच्या तोफा काढून मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या. नौका तोवर वीस वर्षं जुन्या झाल्या होत्या, आणि नवी जहाजं पोलादाची बांधली जात होती. १९०३ च्या आसपास दोघी भंगारात गेल्या. खऱ्या शत्रूवर त्यांनी एकही गोळा झाडला नाही.

मुंबईत त्यांचं काही बघायला मिळत नाही. मेलबर्नला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना ब्लॅक रॉकच्या किनाऱ्यावर जायला सांगा. ‘सर्बेरस’ला १९२६ मध्ये तिथे लाटा अडवायला बुडवलंय. १९९३ मध्ये तिचा सांगाडा खचला, पण बुरूज अजून पाण्यावर दिसतात.