पाचारण, ईश्वरी
देवाने व्यक्तीला विशिष्ट जीवनमार्गासाठी वा कार्यासाठी बोलावणे आणि त्या हाकेला तिने प्रतिसाद देणे, या अर्थी ख्रिस्ती धर्मविचारात रूढ असलेली संकल्पना. ग्रीक ‘क्लेसिस’ व लॅटिन ‘व्होकातिओ’ या शब्दांसाठी मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘पाचारण’ हा शब्द स्थिरावला. बोलण्यात मात्र ‘देवाची हाक’ असेच म्हणतात. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना हाकेवर भिस्त ठेवणे हा या संकल्पनेचा गाभा असून त्याचे आद्य उदाहरण म्हणून बायबलमधील कुलपिता अब्राहाम याच्याकडे पाहिले जाते. आपण कोठे जात आहोत हे माहीत नसताही तो निघाला, असे नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात (११:८) म्हटले आहे.

अब्राहामाला हाक नेमकी कोठे आली याविषयी मतभेद आहेत. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी अब्राहामाचा पिता तेरह आपल्या कुटुंबासह ‘खास्द्यांच्या ऊर’हून निघून हारान येथे वसतो आणि हाक त्यानंतर, बाराव्या अध्यायाच्या आरंभी येते, म्हणजे ती हारानात आली असे वाटते. प्रेषितांची कृत्ये (७:२–४) येथे मात्र आद्य ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन ती हारानच्या आधी, मेसोपोटेमियातच आली असे सांगतो. काहींनी उत्पत्ती १२:१ मधील क्रियापद पूर्वभूतकाळी घेऊन हा विरोध मिटवला आहे. त्यापेक्षा दोन परंपरा शेजारी-शेजारी राहिल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आकड्यांचाही पेच आहे. तेरह ७० वर्षांचा झाल्यावर त्याला पुत्र झाले, अब्राहाम ७५व्या वर्षी निघाला आणि तेरह २०५ वर्षे जगला, तर पुत्र निघाला तेव्हा पिता जिवंत असला पाहिजे. स्तेफन मात्र पित्याच्या मृत्यूनंतरचे स्थलांतर सांगतो. शोमरोनी संहितेत (शोमरोनी पंथीयांनी जपलेल्या बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या पाठात) तेरहाचे आयुष्य १४५ वर्षे दिल्याने तेथे हा पेच उद्‌भवत नाही. ऊर म्हणजे लेनर्ड वुली यांनी १९२२–३४ मध्ये उत्खनन केलेले दक्षिण इराकमधील तेल अल्-मुकय्यर, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. सायरस गॉर्डन यांनी उत्तरेकडील स्थळाचा पक्ष मांडला. खास्दी (खाल्डियन) लोकांचे उल्लेख साधारणपणे इ. स. पू. नवव्या शतकापासून मिळत असल्याने ‘खास्द्यांचे’ हे विशेषण मागाहून जोडले गेले असावे. अब्राहामाचा काळ पूर्वी इ. स. पू. २००० ते १७०० यांच्या दरम्यान धरीत; आज बरेच अभ्यासक तो निश्चित करण्याचे टाळतात.

मध्ययुगात पाचारण मुख्यतः मठवासी व धर्मगुरूंपुरते मानले जाई. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ते सर्वसामान्यांच्या उद्योगालाही लागू केले. जर्मन ‘बेरुफ’ या शब्दाचा आजचा ‘व्यवसाय’ हा अर्थ त्याच्या बायबल-भाषांतरातून आला, असे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४–०५ मध्ये प्रतिपादिले.

हाक खरी की मनाचा खेळ, हे पारखण्याची सर्वांत पद्धतशीर मांडणी जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आढळते (पोपची मान्यता १५४८). मन उदास व कोरडे असताना आधीचा निर्णय बदलू नये, असा त्यातला एक नियम आहे. अनिश्चिततेच्या काळात नवा पुरावा शोधण्यापेक्षा स्थिर मनाने घेतलेल्या निर्णयाला धरून राहण्यावर त्याचा भर आहे. मदर तेरेसा यांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासात ‘हाकेतील हाक’ आली. त्यानंतरच्या दीर्घ आंतरिक अंधाराची साक्ष त्यांची मरणोत्तर प्रकाशित पत्रे देतात.

महाराष्ट्रात या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण प्रमुख होय. १८९३ च्या सुमारास नागपूर–राजनांदगाव प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारायला घेतला. तो आकार घेण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले.