समलिंगी खेळाडू आणि परदेशातील स्पर्धा (बेळगाव सीमाभाग)

समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या देशात खेळायला जाणे समलिंगी खेळाडूसाठी जोखमीचे असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात हा विषय क्वचितच निघतो. पण इथल्या तालमींत आणि कबड्डी-खोखोच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या ज्या मुलामुलींना देशाच्या संघात जायचे आहे, त्यांच्यापैकी काहींना तो टळणार नाही.

आशियाई क्रीडास्पर्धा २०३० मध्ये दोहा येथे आणि २०३४ मध्ये रियाध येथे व्हायच्या आहेत. कतारमध्ये समलिंगी संबंधांना कैदेची शिक्षा आहे, सौदी अरेबियात ती मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते. पदकावर सरकारी नोकरी आणि घराची घडी अवलंबून असलेल्या मल्लाला अशी स्पर्धा सोडणे परवडत नाही. शिवाय माघार घ्यायची तर कारण सांगावे लागते, आणि लपवायचे असते ते नेमके कारणच. या प्रश्नातली सर्वांत जाचक गाठ हीच आहे.

भारतातही २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू होते. ते १८६० च्या ब्रिटिश दंडसंहितेतून आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी हे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी ओडिशाच्या धावपटू द्युती चंद यांनी जकार्ता आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली होती. पुढच्या वर्षी त्यांनी आपले एका स्त्रीवर प्रेम असल्याचे जाहीर केले, तेव्हा विरोध घरातूनच झाला.

क्रीडासंस्थांचा आधार तोकडा आहे. समलिंगी संबंधांच्या ‘प्रचारा’वर बंदी घालणाऱ्या रशियाच्या २०१३ च्या कायद्यावरून वाद झाल्यावर ऑलिंपिक सनदेत लैंगिक कलावरून भेदभाव न करण्याचे कलम आले, तेही रशियातल्या सोचीची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा उरकल्यावर, डिसेंबर २०१४ मध्ये. कतारच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात इंद्रधनुषी दंडपट्टी बांधू पाहणाऱ्या युरोपीय कर्णधारांना फिफाने पिवळ्या कार्डाची भीती घातली आणि सात संघांनी पट्टी मागे घेतली.

सीमाभागातली अडचण मात्र विमानतळाच्या कितीतरी आधी, तालमीतच सुरू होते. तिथे वस्तादाचा शब्द अखेरचा, राहणे-जेवणे एकत्र आणि कुस्ती अंगाला अंग भिडवून. कुजबुज सुरू झाली की सरावाला जोड मिळणेही कठीण. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगप्पांमुळे लिंगभावाचे वेगळेपण या भागाला अनोळखी नाही, पण त्याच नावाने समलिंगी मुलाला चिडवले जाते. ही गल्लत दोघांवरही अन्याय करते: जोगप्पांची ओळख स्त्रीवेशाची आणि देवीच्या सेवेची, तर समलिंगी मल्ल हा पुरुष म्हणूनच आखाड्यात उतरलेला असतो.

अशा देशात जाण्यापूर्वी खेळाडूला फोनमधले फोटो, संदेश आणि डेटिंग अ‍ॅप पुसावे लागतात, जोडीदाराशी बोलणे थांबवावे लागते. अटक झालीच तर पहिला फोन प्रशिक्षकाला किंवा संघ व्यवस्थापकाला करायचा असतो, म्हणजे ज्यांच्यापासून आजवर सारे लपवले त्यांनाच.