‘बी पॉझिटिव्ह’ म्हणजे सकारात्मक मानसशास्त्र नव्हे

निफाड तालुक्यातली एक प्राथमिक शाळा. मार्चचा पहिला आठवडा, आदल्या संध्याकाळी गारपीट झालेली. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाले आणि मग बाईंनी नवा उपक्रम घेतला. “म्हणा रे, मी आनंदी आहे. मी हुशार आहे. माझं सगळं छान होणार आहे.” सगळी शाळा एका तालात म्हणत होती. तिसरीच्या रांगेतला एक मुलगा तेवढा ओठ मिटून उभा होता. बाईंनी त्याला पुढे बोलावलं आणि एकट्याला म्हणायला लावलं. त्याने म्हटलंही. नंतर पाण्याच्या टाकीपाशी मला म्हणाला, “बाई, आमचे सगळे घड खाली पडलेत. सगळं छान कसं होईल?”

या बाई मनापासून शिकवणाऱ्या आहेत. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की ही ‘पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’ आहे. नाशिक शहरातल्या शाळांमध्येही मला हा घोळ सारखा भेटतो, अगदी गंगापूर रोडवरच्या महागड्या शाळांपासून सिडकोतल्या छोट्या शाळांपर्यंत. परिपाठात झालं तो सकारात्मक विचार. सकारात्मक मानसशास्त्र ही वेगळी गोष्ट आहे आणि कधी कधी ते त्याच्या बरोबर उलट सांगतं.

सकारात्मक विचार हा उपदेश आहे. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या १९५२ सालच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. मनात चांगलं आणा, चांगलं होईल, एवढंच त्याचं म्हणणं. ते कुणाच्या बाबतीत खरं ठरतं आणि कुणाच्या नाही, हे तपासण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

सकारात्मक मानसशास्त्राचं सगळं काम या तपासणीपासूनच सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. मानसशास्त्राने आजारांचा अभ्यास पुष्कळ केला, आता माणसं धड कशी जगतात तेही अभ्यासू, असं त्यांनी मांडलं. गंमत म्हणजे सेलिगमन यांची मूळची ओळख हताशपणाच्या संशोधनातली. १९६७ च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कुत्र्यांवर प्रयोग केले होते. टाळता न येणारे विजेचे झटके ज्यांना आधी बसले होते, त्यातली बरीच कुत्री पुढे सुटायची वाट मोकळी असूनही जागची हलली नाहीत. काही मात्र हलली. ही का हलली, या प्रश्नातून पुढचं बरंच काम उभं राहिलं.

माणसांच्या बाबतीत उत्तराचा एक भाग असा निघाला, की वाईट घडल्यावर आपण त्याचं कारण स्वतःला काय सांगतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. ‘हे नेहमीच असं होतं, माझं सगळंच असं असतं आणि हे माझ्याचमुळे झालं’ असं सांगणारा लवकर खचतो. हे समजावून द्यायला नाशिकमध्ये द्राक्षबागेहून सोपं उदाहरण नाही. गारपिटीनंतर एक बागाईतदार म्हणतो, “आपलं नशीबच फुटकं.” शेजारचा म्हणतो, “यंदाचा मार्च वाईट गेला. कडेच्या चार ओळी वाचल्यात. एप्रिलची खरड छाटणी नीट करू.” हा दुसरा माणूस आनंदी नाही. रात्री झोपलेलाही नसेल. पण नुकसान केवढं आणि कुठवर हे त्याने मोजलंय. परिपाठातल्या घोषणांपेक्षा मनाची खरी कवायत ही.

वर्गात हे फार छोट्या रूपात दिसतं. चौथीतल्या एका मुलीने ६१२ ला ६ ने भागलं आणि उत्तर काढलं १२. पाटीवर फुली पडताच ती म्हणाली, “मला गणित येतच नाही.” इथे ‘नाही गं, तू खूप हुशार आहेस’ म्हणणं हा झाला सकारात्मक विचार. मी तिच्या शेजारी बसले आणि कुठवर बरोबर आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. सहाला भाग गेला, बरोबर. एकाला जात नाही, बरोबर. तिथे शून्य लिहायचं राहिलं. ‘गणित येत नाही’चं ‘मधलं शून्य राहिलं’ झालं, आणि शून्य काय, उद्याही लिहिता येतं.

आता त्या घोषवाक्यांविषयी. कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हटल्याने काय होतं, हे त्यांनी पाहिलं. ज्यांचं स्वतःविषयी आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध काढलं त्यांनाच ते बाधलं. अभ्यास मोठ्यांवरचा होता, पण टाकीपाशी भेटलेला तो मुलगा आठवला की मला तो परका वाटत नाही.

‘हुशार’ या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे पाव्हणे आले की पोराला पाढे म्हणायला लावतात आणि ‘हुशार आहे हो’ म्हणून मोकळे होतात. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग छापले. कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार असणार’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतली असणार’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. आपटी खाल्ल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर हिरमुसली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही घसरली. दुसऱ्या शाळेतल्या मुलांना गुण कळवताना हुशार म्हटलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी गुण फुगवूनही सांगितले. शाबासकीतून खोटेपणा उगवतो, हे मला वीस वर्षं शिकवूनही सुचलं नसतं. मात्र नुसतं ‘मेहनत कर’ हेही नवं घोषवाक्य होऊ शकतं. पद्धतच चुकलेल्या मुलाला आणखी राबायला सांगणं ही मदत नव्हे.

करायचं काय मग? व्हँकुव्हरमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांना चार आठवडे, आठवड्यातून तीन, अशी कुणासाठी तरी चांगली कामं करायला सांगितली. दुसऱ्या गटाने तीन आवडत्या ठिकाणी जायचं होतं. २०१२ मध्ये आलेल्या या अभ्यासात खुशी दोन्ही गटांची वाढली, पण वर्गमित्रांमधली पसंती चांगली कामं करणाऱ्यांची जास्त वाढली. खर्च शून्य. आपल्या शाळांत ‘श्रमदान’ असतंच, पण ते सगळ्यांना एकच आणि सांगून. इथे काय करायचं ते मूल स्वतः ठरवतं, फरक तेवढाच.

दुसरी गोष्ट ‘जर–तर’ची. इच्छा बोल, तिच्या आड काय येतं ते सांग, मग आड आलं तर काय करशील ते ठरव. एका मुलाने लिहिलं होतं, “जर दादाने टीव्ही लावला, तर मी ओट्याजवळ बसून वाचीन.” गॅब्रिएल एटिंगन यांच्या संशोधनातून आलेली ही रीत अँजेला डकवर्थ यांच्यासह पाचवीच्या मुलांवर तपासली गेली. २०१३ च्या त्या अभ्यासात मुलांचे गुण आणि हजेरी दोन्ही सुधारली. अडथळ्याचं नाव घेऊ नये, अपशकुन होतो, असं सकारात्मक विचार मानतो. इथे अडथळा हाच धडा.

हे शास्त्र आपलं फसलेलंही सांगतं, म्हणून माझा त्याच्यावर भरवसा आहे. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांना शाळेत सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याचे) धडे देऊन पाहिले. नेहमीच्या तासांपेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि २०२२ मध्ये तसं छापलं गेलं. आपल्या राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला, दिल्लीत २०१८ पासून हॅपिनेसचा तास होता. असे तास चांगलेच, पण त्या शनिवारी मुलांना दोन श्वास मोजायला लावून सोमवारी त्यांच्यावर पट्टी उगारली तर काय उपयोग? मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे, हे स्टाफरूममध्ये अजूनही आठवण करून द्यावं लागतं. आणि मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर यातलं काहीच पुरेसं नाही. तिथे डॉक्टर लागतो. निदान ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर एक फोन तरी.

निफाडच्या बाईंशी मी पुढच्या फेरीत बोलले. त्यांनी घोषणा बंद केल्या. आता शनिवारी मुलं गोल बसतात, काल काय बरं झालं आणि ते का झालं, एवढंच सांगतात. ‘काहीच नाही’ हे उत्तर चालतं. वही नाही, तपासणी नाही. वही ठेवली तर दुसऱ्या आठवड्यात सगळे ‘आईबाबांचे आभार’ असं एकमेकांचं बघून लिहितात, हे मी दोन शाळांत पाहिलंय.

त्या मुलाने पहिले दोन शनिवार ‘काहीच नाही’ म्हटलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, “शेजारच्या काकांनी रिकामे क्रेट दिले. बेदाण्याला जातील तेवढे मणी वेचले.” का दिले रे, असं बाईंनी विचारलं. “मागच्या उन्हाळ्यात पप्पांनी त्यांना टँकर दिला होता ना.”