ही मांडवली नव्हे

डिचोलीच्या बाजारात चहा पिताना विषय निघाला, की कुणीतरी म्हणतोच, ‘चोराला समोर बसवायचं, नारळ ठेवायचा, केस मिटली!’ पुनर्स्थापक न्याय म्हणजे गुन्हा करणारा आणि पीडित यांनी मध्यस्थाच्या मदतीने बोलून झालेलं नुकसान भरून काढणं. त्याबद्दलचा हा गैरसमज जुनाच.

केस मिटवणं वेगळं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार चोरी, साधी मारहाण असे ठरावीक गुन्हेच तडजोडीने मिटतात. खून, बलात्कार नाही. (गावातल्या वजनदार माणसाचा फोन या कलमात बसत नाही.)

पुनर्स्थापक न्यायाच्या संवादात आधी आरोपीने केलेलं कबूल करायचं असतं. मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो. पीडिताने ‘नको’ म्हटलं की विषय संपला. माफ करण्याची सक्ती नाहीच.

१९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी २२ ठिकाणी तोडफोड केली. न्यायाधीशांनी त्यांना दारोदार पाठवलं. ज्याची काच फोडली त्याच्याच उंबरठ्यावर उभं राहायचं, नुकसान किती ते त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि पुढे भरपाई द्यायची. दंड आणि प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, होतंच. यात सुटका कुठे दिसली? कोर्टात मान खाली घालून उभं राहणं मला तरी याहून सोपं वाटतं.