मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं?

मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढलं की पिस्तूल रिकामं, असं शूटिंग रेंजवर पहिल्यांदा येणारे बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी झाडण्यासाठी बसते त्या जागेत, 1 गोळी उरलेली असू शकते आणि अनेक पिस्तुलं मॅगझिनशिवायही ती झाडतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची आणि पुंगळी जिथून बाहेर पडते त्या खाचेतून चेंबर बघायचा. (नळीच्या तोंडातून नव्हे! तसे डोकावणारेही असतात.) शिवाय करंगळीने चाचपायचं. उलट क्रमाने केलंत, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत सरकवते आणि तुम्ही मात्र निर्धास्त.

हे करताना नळी टार्गेटच्याच दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. गोळीबार थांबवून माणसं टार्गेटपाशी गेली असतील, तर रिकाम्या पिस्तुलालाही हात लावायचा नाही.